पाखरांचे कूळ आणि दगडांची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. व्याख्यानाचा विषय कळल्यावर काहींनी साहजिकच विचारले, की जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने डायनोसॉरांवर काय बोलावे? प्रश्न रास्त आहे. भाषेच्या अभ्यासकाचा निम्मा वेळ एकच गोष्ट शोधण्यात जातो. हा शब्द कुणाचा, ह्या दोन भाषांचे नाते काय, ते रक्ताचे की शेजारधर्माचे, हे त्याला पाहायचे असते. जीवाश्मांचे अभ्यासकही हाडांना हेच विचारतात. प्रश्न एकच असल्यामुळे उत्तर शोधण्याची रीतही पुष्कळशी सारखी आहे. त्या रीतीविषयी मला आज बोलायचे आहे आणि त्यासाठी मी पक्ष्यांच्या कुळाचे उदाहरण घेतले आहे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. चिमणीचे कूळ मात्र अवश्य विचारावे. आज जगभरचे बहुतेक सारे अभ्यासक त्याचे एकच उत्तर देतात. चिमणी, कोंबडी, मोर, होला, घार हे सगळे डायनोसॉरांच्या एका शाखेचे वंशज आहेत. वंशावळीच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर पक्षी हे आज हयात असलेले डायनोसॉरच होत. तेव्हा 'डायनोसॉर नामशेष झाले' हे आपण शाळेत पाठ केलेले वाक्य अर्धेच खरे आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'डायनोसॉर' हा शब्द इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली ग्रीक धातूंवरून घडविला. त्याचा अर्थ 'भयंकर सरडा'. नाव ठेवणाऱ्याने ते विचारपूर्वक ठेवले, तरी नावातील 'सरडा' हा शब्द पुढे शंभर वर्षे लोकांची दिशाभूल करीत राहिला. डायनोसॉर सरडे नव्हते. सरड्याचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले असतात, तर डायनोसॉरांचे पाय खांबासारखे अंगाखाली सरळ उभे असत. कोंबडीचे पाय पाहा, म्हणजे फरक ध्यानात येईल. पुढे हॅरी सीली यांनी १८८७ च्या सुमारास डायनोसॉरांचे कमरेच्या हाडांवरून दोन गट पाडले आणि एकाला 'पक्षीकटी', दुसऱ्याला 'सरटकटी' अशा अर्थाची नावे दिली. गंमत अशी, की पक्षी निपजले ते 'सरटकटी' गटातून. दुसऱ्या गटाच्या कमरेचे पक्ष्यांशी दिसणारे साम्य केवळ वरवरचे होते. नावावरून कूळ ठरवू नये, हा पहिला धडा.

आता आपल्या मातीकडे वळू. बीदरच्या पठारावर लाल जांभा दगड आहे. किल्ल्याचा खंदक त्यातच कोरलेला आहे. जांभ्याखाली काळा पाषाण म्हणजे बसाल्ट आहे. भालकी, औराद, आळंदकडील काळी जमीन ह्याच पाषाणाची झीज होऊन झाली आणि त्या जमिनीवर आपली तूर पिकते. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा आहे. कलबुर्गीच्या दक्षिणेला चित्तापूर, शहाबाद, सेडमच्या बाजूला गेलो की मात्र चुनखडीचा थर लागतो. ज्या शहाबादी फरशीवर महाराष्ट्रातील निम्म्या घरांनी संसार केला, ती फरशी इथली. डायनोसॉरांच्या हाडांसाठी नावाजलेल्या स्थळांत आपल्या जिल्ह्यांचे नाव नाही, त्याचे कारण ह्या दोन दगडांतच आहे. लाव्हा जे झाकतो ते जाळतो. शहाबादची चुनखडी डायनोसॉरांच्या कितीतरी आधीची, हाडे असलेला प्राणी पृथ्वीवर निर्माण होण्यापूर्वीची आहे. आपल्याकडचा एक दगड फार तापलेला, तर दुसरा फार जुना.

असे असले तरी आपली भूमी अगदी मुकी नाही. लाव्हाचा एक लोंढा थंडावून दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जाई. त्या काळात तळी साचत, त्यांत जीव वाढत आणि त्यांचा गाळ पुढच्या लोंढ्याखाली दबून राही. पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात अशा गाळाच्या थरांतून शिंपल्यांचे कवच असलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गोड्या पाण्यातील जीवांचे अवशेष मिळाले आहेत. २००२ साली अभ्यासकांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. डायनोसॉरयुगाच्या अखेरच्या पर्वातील हे साक्षीदार मोहरीएवढे आहेत. पण साक्षीदाराच्या आकारावर साक्षीचे मोल ठरत नाही.

शहाबादच्या फरशीचा विषय निघाला आहे, तर तिच्यासारख्याच एका दगडाची गोष्ट सांगतो. जर्मनीतील बव्हेरियात सोल्नहोफेन येथे चुनखडीच्या अशाच पातळ, गुळगुळीत लाद्या निघतात. त्या दगडावर चरबीयुक्त शाईने लिहून छापण्याची कला आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधली. आपण तिला शिळाछाप म्हणतो. मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात शिळाछापाचे स्थान मोठे आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले, ते ह्याच कलेच्या बळावर. ह्या कामासाठी जगभर वाखाणला गेलेला दगड सोल्नहोफेनचाच. तिथल्या खाणीत १८६१ साली एका लादीवर एका पिसाचा ठसा मिळाला आणि लगोलग जवळजवळ सबंध सांगाडा मिळाला. त्याला 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका' असे नाव दिले गेले. म्हणजे शिळाछापाच्या दगडातला प्राचीन पंख. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या ह्या प्राण्याला पक्ष्यासारखे पिसांचे पंख होते. पण जबड्यात दात होते, पंखाच्या टोकाला नखे असलेली तीन बोटे होती आणि मागे हाडांची लांब शेपटी होती. संस्कृतात 'द्विज' हा शब्द पक्षी आणि दात ह्या दोन्ही अर्थी वापरतात. इथे दोन्ही द्विज एकाच देहात नांदत होते.

डार्विन यांचा प्रख्यात ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता. तेव्हा हा सांगाडा अगदी वेळेवर सापडला असे म्हणावे लागेल. डार्विन यांचे स्नेही थॉमस हक्सली यांनी १८६८ पासून पुढे आग्रहाने मांडले, की पक्ष्यांचे पाय आणि लहान मांसाहारी डायनोसॉरांचे पाय यांत इतके साम्य आहे, की त्यांचे नाते जवळचे असले पाहिजे. पण हा विचार पुढे मागे पडला. डेन्मार्कचे गेर्हार्ड हाइलमान यांनी पक्ष्यांच्या उगमावरील आपल्या ग्रंथात, ज्याची इंग्रजी आवृत्ती १९२६ साली निघाली, एक बिनतोड वाटणारी हरकत घेतली. पक्ष्यांच्या छातीवर गळ्याजवळ गलोलीच्या बेचक्यासारखे एक हाड असते. ते गळपट्टीची दोन हाडे जुळून होते. डायनोसॉरांना गळपट्टीची हाडेच नाहीत आणि वंशात एकदा गेलेला अवयव परत येत नाही. मग डायनोसॉर पक्ष्यांचे पूर्वज कसे? साम्ये त्यांनाही पुष्कळ दिसली होती, पण ह्या एका हाडाच्या अभावापुढे ती टिकली नाहीत. ह्या निर्णयाने सुमारे चाळीस वर्षे विषयाचे दार बंद राहिले. पुढे डायनोसॉरांच्या सांगाड्यांत ती हाडे सापडली आणि तो बेचकाही सापडला. काही सांगाड्यांत तो आधीपासूनच होता, फक्त त्याला दुसरेच काही समजले गेले होते.

सापडले नाही म्हणजे नव्हते असे नव्हे, हे आपण मराठीच्या अभ्यासकांनीही अनुभवले आहे. मराठीचा पहिला शिलालेख म्हणून कित्येक वर्षे आपण कर्नाटकातील श्रवणबेळगोळच्या लेखाकडे बोट दाखवीत होतो. पुढे अलिबागजवळच्या अक्षी येथील लेख त्याहून जुना म्हणून पुढे आला. दगड बोलेपर्यंतच आपला निकाल अंतिम असतो.

पक्ष्यांच्या बाबतीत दार पुन्हा उघडले ते जॉन ऑस्ट्रम या अमेरिकी अभ्यासकाने. १९६४ साली मोंटाना प्रांतात त्यांना एका चपळ, दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. १९६९ साली त्यांनी त्याचे 'डायनोनिकस' या नावाने वर्णन केले. ह्या प्राण्याच्या मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचे एक लहानसे हाड होते, त्यामुळे त्याचा पंजा बाजूला दुमडत असे. पक्षी पंख मिटतो तो ह्याच चालीने. ऑस्ट्रम यांनी आर्किऑप्टेरिक्सशी हाडाला हाड ताडून पाहिले. मनगट, तीन बोटांचा हात, पोकळ हाडे, खांदा, कंबर, घोटा अशी समान लक्षणांची यादी वाढत गेली आणि पुढील संशोधकांच्या हाती ती शंभराच्या घरात पोचली.

इथे आपण क्षणभर थांबू, कारण कूळ ठरविण्याची रीत म्हणजे काय ते इथे स्पष्ट होते. वटवाघळाला पंख आहेत, पाखरालाही आहेत, म्हणून ती भावंडे होत नाहीत. वटवाघळाचा पंख लांब बोटांवर ताणलेल्या कातडीचा, तर पाखराचा पिसांचा. गरज एक, घडण वेगळी. गरजेतून आलेले साम्य नात्याचा पुरावा होत नाही. नात्याचा पुरावा देतात त्या आडबाजूच्या, सहज नजरेत न येणाऱ्या आणि अनेक मिळून एकत्र येणाऱ्या खुणा.

आपण सीमाभागातील माणसे हे इतरांपेक्षा लवकर समजू शकतो. आपल्या बोलण्यात 'तूप' आहे, 'अण्णा' आहे, 'अक्का' आहे. हे शब्द कन्नडच्या घरातून आपल्याकडे आले आणि आपले होऊन राहिले. परका माणूस हे ऐकून मराठी आणि कन्नड एकाच आईच्या लेकी आहेत असे म्हणेल. पण मोजायला बसलो की आपण एक, दोन, तीन म्हणतो आणि आपला शेजारी ओंदु, एरडु, मूरु म्हणतो. आपला 'सात' प्राकृतातील 'सत्त'मधून संस्कृत 'सप्त'कडे जातो. 'हात' हा 'हत्थ'मधून 'हस्त'कडे जातो. जिथे जिथे तसे जोडाक्षर होते, तिथे तिथे तोच बदल घडलेला दिसतो. तूप शेजारून आले, तीन घरातून आले. शेजारून आलेले मी कमी लेखत नाही, कारण त्याच्यावाचून आपले जेवण कोरडे झाले असते. पण शेजार आणि कूळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की शास्त्राचेही नुकसान होते आणि शेजाराचेही. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, त्याची सारी शिस्त ह्या विवेकावर उभी आहे. ऑस्ट्रम यांनी मनगटाच्या हाडावर बोट ठेवले तेव्हा त्यांनीही तेच केले. पंखांचे वरवरचे साम्य बाजूला सारून त्यांनी हाडांतले 'सात' आणि 'हात' शोधले.

तरीही शंका घेणारे होते, आणि असावेतच. त्यांना सर्वांत मोठे उत्तर चीनने दिले. ईशान्य चीनच्या लिआओनिंग प्रांतात जुन्या तळ्यांच्या तळाशी, ज्वालामुखीच्या बारीक राखेत जीव इतके अलगद गाडले गेले, की हाडांबरोबर त्वचेवरील आवरणाचाही ठसा उमटला. १९९६ साली तिथून आलेल्या 'सायनोसॉरोप्टेरिक्स' या लहान डायनोसॉरच्या पाठीवर आणि शेपटीवर लवेसारख्या तंतूंची झालर दिसली. १९९८ साली वर्णिलेल्या 'कॉडिप्टेरिक्स'ला तर मध्ये दांडी आणि दोन्ही बाजूंना पाते असलेली खरीखुरी पिसे होती. आणि हा प्राणी उडणारा नव्हता. २०१० साली अभ्यासकांनी पिसांतील रंगकणांच्या सूक्ष्म आकारावरून सायनोसॉरोप्टेरिक्सची शेपटी तांबूस आणि पांढुरक्या पट्ट्यांची होती असेही दाखविले.

ह्या शोधाने एक जुनी समजूत उलटली. पीस हे उडण्यासाठी निर्माण झाले असे आपण मानीत होतो. आता दिसते ते असे, की पिसे आधी आली आणि उड्डाण मागाहून आले. ऊब राखणे, जोडीदारापुढे मिरविणे, अंडी झाकणे ह्यांपैकी कशासाठी तरी ती प्रथम उपयोगी पडली असावीत. जुन्या वस्तूला नवे काम मिळाले. शब्दांच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटत नाही. आपला 'पत्र' हा शब्द घ्या. तो 'पत्' म्हणजे उडणे ह्या धातूपासून झाला. संस्कृतात त्याचा अर्थ पंख, पीस असा आहे आणि पान असाही आहे. पानावर लिहू लागलो तेव्हा पत्र म्हणजे लेख झाला आणि आज वर्तमानपत्र झाला. पिसाच्या बाबतीत प्रवास उलट्या दिशेने झाला, पण रीत तीच. आणि 'आर्किऑप्टेरिक्स'मधील पंखवाचक ग्रीक शब्द, इंग्रजीतील पिसाचा 'फेदर' आणि आपले 'पत्र' हे तिन्ही एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. पाखराचे कूळ शोधता शोधता शब्दाचेही कूळ असे हाती लागते.

आपल्या देशाचा ह्या कथेतील वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या नद्यांच्या काठीच आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेले कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरजवळ दगड झालेली मोठी हाडे मिळाली. 'डायनोसॉर' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच स्थळाच्या हाडांवरून १८७७ साली लिडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. आपली मांजरा गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीला पुढे सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते. त्या परिसरातील कोटा गावावरून नाव पडलेल्या खडकांत १९६० च्या सुमारास एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरची शेकडो हाडे मिळाली. ते दिवस रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे होते. म्हणून १९७५ साली त्याला 'बारापासॉरस टागोराय' असे नाव दिले गेले. 'बारापा' म्हणजे 'मोठा पाय'. देशी शब्द आणि कवीचे नाव असा हा संयोग मला फार मोलाचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा डायनोसॉर १९९७ साली सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी वर्णिला. तो आज इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून 'इसिसॉरस' म्हणून ओळखला जातो. जवळच्याच पिसदुऱ्यात डायनोसॉरांची विष्ठा दगड होऊन राहिली आहे. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, तेव्हा डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते ही जगभरची समजूत बदलावी लागली. वरोऱ्याच्या शिवारातील वाळलेल्या शेणाने पाठ्यपुस्तके दुरुस्त केली असे म्हटले तरी चालेल.

हे लांबमान्ये शाकाहारी डायनोसॉर पक्ष्यांचे थेट पूर्वज नव्हेत, दूरचे चुलते होत. पण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ह्याच कुळाच्या ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांचा अभ्यास हर्षा धीमन, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. त्याआधी २०२२ साली त्यांनी तिथल्याच एका विलक्षण अंड्याची माहिती दिली होती. त्या अंड्याच्या आत दुसरे अंडे होते. हा दोष तोवर फक्त पक्ष्यांत पाहिला गेला होता. कोंबड्या पाळणाऱ्या कुणाला क्वचित असे अंडे पाहायला मिळते. नात्याची खूण पराक्रमात सापडतेच असे नाही. कधी ती व्यंगातही सापडते.

अंड्यांचीच आणखी एक गोष्ट. १९२३ साली मंगोलियाच्या वाळवंटात अंड्यांच्या घरट्यापाशी एका डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. दुसऱ्याची अंडी चोरताना तो मेला असे समजून त्याचे नाव 'ओव्हिरॅप्टर' म्हणजे 'अंडीचोर' असे ठेवले गेले. सत्तर वर्षांनी, १९९३ साली, तशाच एका अंड्यात गर्भाची हाडे मिळाली. तो गर्भ ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला. त्यानंतर त्या कुळाचे सांगाडे अंड्यांवर बसलेल्या अवस्थेत, हात पंखांसारखे पसरून घरटे झाकलेले असे सापडले. अंगणातली कोंबडी बसते तसेच. ज्याला चोर म्हटले तो पालक होता. नामकरणाच्या नियमांनुसार नाव आता बदलत नाही, त्यामुळे तो बिचारा अंडीचोरच राहिला. पूर्वजांना नावे ठेवण्याची घाई करू नये, हे ह्यावरून समजावे.

आता एक सावधगिरीचा शब्द. कुणी म्हणेल, हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता ह्या बहिणी आहेत. एकीची लेकरे नाग, दुसरीचा मुलगा गरुड, आणि पिता एकच, कश्यप. सर्प आणि पक्षी भाऊबंद ठरले! आपल्या परंपरेने पक्षी, सर्प, मासे, कासवे ह्यांना मिळून 'अंडज' म्हटले, हेही खरे. ह्यात बारकाईची दृष्टी आहे, तिचा आपण अभिमान बाळगावा. पण कथा ही कथाच असते. विनतेच्या कथेत हाडांची मोजदाद नाही आणि खोटे ठरण्याची तयारीही नाही. शास्त्राला ह्या दोन्ही गोष्टी लागतात. टेक्सासमध्ये काम केलेले शंकर चॅटर्जी हे आपल्याच देशातील नामवंत अभ्यासक. त्यांनी आर्किऑप्टेरिक्सहून कितीतरी कोटी वर्षे जुना पक्षी म्हणून 'प्रोटोएव्हिस' मांडला. पण हाडे विस्कळीत आणि अपुरी असल्यामुळे बहुतेक अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. माणूस आपला म्हणून दावा मान्य होत नाही आणि परका म्हणून नाकारलाही जात नाही. ह्या शिस्तीलाच मी विद्या म्हणतो.

मग डायनोसॉर संपले कसे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी कोसळला. त्याचे विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. अशनीची कल्पना १९८० साली आल्व्हारेझ पितापुत्रांनी मांडली, तेव्हा विवराची ओळख पटायची होती. त्याच भूशास्त्रीय क्षणाच्या अलीकडे आणि पलीकडे आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. मुख्य दोष अशनीला द्यावा असे बहुतेकांचे मत आहे. लाव्हाने त्यात किती भर घातली, ह्यावर वाद चालू आहे. आपण ज्या काळ्या जमिनीत तूर पेरतो, ती जमीन ह्या खटल्यातील एक पक्षकार आहे.

त्या प्रलयातून थोडे पक्षी वाचले. ते लहान होते, जमिनीवर राहणारे होते आणि चोचीने बिया टिपून जगू शकणारे होते, म्हणून निभावले असावेत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. टिरॅनोसॉरससारखे बलाढ्य गेले आणि दाणे टिपणारे राहिले. त्या मूठभरांतून आज पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती झाल्या आहेत. भाषांचेही असेच आहे. महाराष्ट्री प्राकृत 'मृत' म्हणून कोशात नोंदली जाते, पण तुम्ही आता 'हात' वर केलात तर तो तिचाच हात आहे. बदलून उरणे म्हणजे संपणे नव्हे.

मात्र उरलेलेही संपू शकतात, आणि आजच्या माझ्या बोलण्याचा भार ह्याच वाक्यावर आहे. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक हा उंच मानेचा, जमिनीवर चालणारा वजनदार पक्षी. दख्खनच्या माळांवर तो एकेकाळी सर्रास दिसे. कन्नड शेतकऱ्याने त्याला 'एरेभूत' म्हणजे काळ्या रानातले भूत असे नाव दिले. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. दख्खनमध्ये तो जवळजवळ दिसेनासा झाला. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकार झाली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या प्रलयातून ज्याचे पूर्वज पार पडले, त्याला आपली दोन पिढ्यांची बेपर्वाई पुरेशी ठरली. इथे आरोपी अशनी नाही, लाव्हा नाही. डायनोसॉर कसे नष्ट झाले असे पुढे कुणी विचारले, तर उत्तराचा शेवटचा भाग आपल्या सहीने लिहिला जाईल.

विद्यार्थी मित्रहो, ह्या विषयाचे पहिले साधन तुमच्या घरी आहे. कोंबडीच्या पायावरील खवले पाहा, पुढची तीन बोटे मोजा, तो गळ्याजवळचा बेचका हातात घेऊन पाहा. बसवकल्याण ही आपल्या बीदर जिल्ह्यातली जुनी राजधानी. तिथे बाराव्या शतकात चालुक्यराजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यात श्येन आणि लावा ह्या पक्ष्यांच्या विनोदांवर प्रकरणे आहेत, आणि त्याच ग्रंथात जुन्या मराठीच्या पंक्तीही जपल्या गेल्या. म्हणजे पाखरांकडे बारकाईने पाहणे आणि मराठीत ते मांडणे, ह्या दोन्ही गोष्टींना ह्या मातीत नऊशे वर्षांचा आधार आहे. तुमच्या शिवारात कोणते पक्षी येतात, कोणत्या महिन्यात येतात, कोणते यायचे थांबले, याची वही ठेवा. तिच्यात मराठी नाव लिहा, शेजारी कन्नड नावही लिहा. शाळेने ही वही वर्षानुवर्षे सांभाळली, तर पन्नास वर्षांनी तीही एक साक्ष होईल. ती दगडात शोधावी लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.